हाताचा अंश

पडद्यावर एका बाईचे हात आले. फक्त हात, मनगटापर्यंतचे. बोटांची टोकं काळी ठिक्कर, अंगठ्याजवळची कातडी सोलवटून पांढरी पडलेली. उत्तरेकडच्या देशसंघाच्या वकिलाने ते चित्र बराच वेळ तसंच राहू दिलं आणि मग अगदी सौम्य आवाजात तो म्हणाला, "लवादाने एवढंच पाहावं. यंत्राने फोडलेला काजू आणि हा काजू आमचे ग्राहक एकच वस्तू मानत नाहीत. वस्तूच एक नसेल, तर समान वागणुकीचा प्रश्न येतो कुठे?"

डॉ. हर्षदा आरोलकर भारताच्या बाजूला बसली होती. ते हात कुणाचे हे तिला ठाऊक नव्हतं, पण असे हात बघतच ती लहानाची मोठी झाली होती. वेंगुर्ल्याजवळच्या सातेरवाडीत तिची आई काजू फोडायला जायची. काजूच्या टरफलाच्या दोन पदरांमध्ये एक जळजळीत तेल असतं. ते कातडीला लागलं की कातडी आधी काळी पडते आणि मग निघून येते. आई गेली तेव्हाही तिची बोटं काळीच होती. आता त्याच सातेरवाडीत हर्षदाची थोरली बहीण सुगंधा परब चौऱ्याऐंशी बायकांची काजू संस्था चालवत होती. हर्षदा मात्र शिकून पुण्याला गेली, शास्त्रज्ञ झाली आणि आज जिनिव्हातल्या या दालनात येऊन बसली होती.

भांडण समजायला सोपं होतं. आंतरराष्ट्रीय व्यापारात एक जुना नियम आहे. एका देशाच्या मालाला तुम्ही जी सवलत देता, तीच बाकीच्या सगळ्या सदस्य देशांच्या तशाच मालाला द्यावी लागते. त्याला 'परमानुकूल राष्ट्र' असं भारदस्त नाव आहे. नाव ऐकून वाटतं, कुणाचे तरी खास लाड चाललेत. अर्थ बरोबर उलटा. पंगतीला बसवलंत ना, मग पंक्तिप्रपंच करायचा नाही, एवढंच त्यात सांगितलंय. देशसंघाने आपल्या एका मित्रदेशाच्या काजूगरांवरची जकात शून्य केली होती आणि भारताच्या गरांवर चौदा टक्के ठेवली होती. विचारलं तर उत्तर तयार होतं: तो माल वेगळा, हा माल वेगळा.

सगळी मेख होती ती 'तशाच मालाला' या दोन शब्दांत. तसाच म्हणजे किती तसाच? यावर वकील आजवर वर्षानुवर्षं भांडत आले होते. कधी रंगावरून, कधी वापरावरून, कधी गिऱ्हाइकाच्या आवडीवरून. ज्याचा वकील महाग, त्याचा माल वेगळा ठरायचा. हे भांडण कायमचं मिटवायला हर्षदाने 'तुला' बांधली होती.

तुला म्हणजे एका खोलीत मावेल एवढं यंत्र. त्यात दोन्ही मालांचे नमुने घालायचे. यंत्र ते गोठवून दळतं, त्यांची वाफ करून एकेक रेणू वजनाप्रमाणे वेगळा काढतं, चुंबकीय क्षेत्रात धरून आतलं तेल आणि पाणी कसं बसलंय ते पाहतं. एक पोलादी जबडा दाणा चावतो आणि तो कसा तुटला ते टिपून घेतो. अशा नव्वद हजार नोंदी होतात आणि शेवटी एकच आकडा येतो, हजारापैकी. त्याला साम्यांक म्हणायचं. एकाच झाडाचे दोन काजू नऊशे नव्वदच्या आसपास येतात, दोन मुलखांतले नऊशे पंचाहत्तरच्या. म्हणून सगळ्या सदस्य देशांनी मिळून नऊशे सत्तर ही रेघ मान्य केली होती. त्याच्या वर आकडा आला तर माल एक, वागणूक एक. यंत्रात देशाचं नाव घालायला जागाच नव्हती. ती हर्षदाने मुद्दाम ठेवली नव्हती.

आणि नेमक्या त्या पहिल्याच खटल्यात आकडा आला होता नऊशे एकोणसाठ.

हर्षदाने तीन आठवडे त्या आकड्याचा माग काढला. फरक गरात नव्हता, गराच्या वर होता. भारतीय दाण्यांवर एका तेलाचे आणि एका आम्लाचे अगदी सूक्ष्म अंश होते, आणि ते आम्ल तर माणसाच्याच कातडीत तयार होतं. काजूचं तांबूस साल बोटांनी काढावं लागतं. हातमोजे घातले की अंदाज चुकतो आणि दाणा अख्खा राहत नाही. पण तळहाताला तेलाच्या ग्रंथी नसतातच. मग हे तेल आलं कुठून? बाई काम करता करता कपाळावरचा घाम पुसते, सुटलेली बट कानामागे सारते, आणि तेच बोट पुन्हा दाण्याला लागतं. तेवढंच.

"डॉक्टर आरोलकर," लवादाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमचं म्हणणं?"

हर्षदा उभी राहिली. पडद्यावरचे हात अजून तसेच होते. ती म्हणाली, "यंत्राने जो फरक दाखवलाय तो काजूतला नाही. तो हाताचा अंश आहे. गोणीचा धागा लागावा, वाटेतली धूळ लागावी, तसा तो बाहेरून लागलेला आहे. तो वजा करून मी पुन्हा मोजलं. आकडा येतो नऊशे सत्त्याऐंशी. कुणी केला, कसा केला, कुणाच्या हाताने केला, हे मालाला विचारायचं नसतं. मालाला हात नसतात."

तिचं ते शेवटचं वाक्य दुसऱ्या दिवशी जगभरच्या व्यापारविषयक बातम्यांत आलं. भारत खटला जिंकला. निकालपत्राच्या एकविसाव्या परिच्छेदात लिहिलं गेलं: हाताचा अंश हा मालाचा भाग धरू नये.

* * *

सातेरवाडीचे दिवस पालटले. उत्तरेकडची बाजारपेठ खुली झाली, संस्थेची शेड वाढली, चौऱ्याऐंशीच्या दोनशे दहा बायका झाल्या. टरफल फोडायला बंदिस्त यंत्रं आली, त्यामुळे नव्या पोरींचे हात काळे होईनात. साल मात्र अजून बोटांनीच निघत होतं.

कोकणातला काजू मार्चमध्ये येतो आणि जूनपर्यंत संपतो. पुढचे आठ-नऊ महिने शेड चालायची ती टांझानियातल्या मत्वारा किनाऱ्यावरून येणाऱ्या काजूबियांवर. त्या ओळखीतूनच पुढे तिकडच्या बारा बायका सहा महिन्यांसाठी शिकायला सातेरवाडीत आल्या. त्यांची पुढारी होती सोमोए. उंचपुरी, खणखणीत हसणारी. महिन्याभरात ती सुगंधापेक्षा भरभर साल काढायला लागली. ती सुगंधाला 'दादा' म्हणायची. तिच्या भाषेत दादा म्हणजे बहीण. शेडमधल्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या, आणि पुढे पुढे तर सगळ्याच सुगंधाला दादा म्हणायला लागल्या.

सोमोए परत गेली आणि तिने तिकडे स्वतःची शेड उभी केली. दीडशे बायका. त्यांचे गर घ्यायला तेव्हा कुणी तयार नव्हतं, म्हणून भारत सरकारने टांझानियाच्या काजूगरांवरची जकात शून्य केली. माल थोडाच होता, बेकऱ्या आणि मिठाईवाल्यांमध्ये खपून जायचा. त्याने सातेरवाडीचं काही बिघडत नव्हतं. तशी शिफारस करणाऱ्या कागदावर हर्षदाचीही सही होती, आणि सुगंधाने ती तिच्या मागे लागून करवून घेतली होती.

"आपणांक कोणी दार उघडल्यान तेव्हा आपण आत गेलव," सुगंधा म्हणाली होती. "आता मागून येतलीच्या तोंडार बंद कशाक करूचा?"

* * *

पहिल्या निकालानंतर सहा वर्षांनी पुण्याच्या प्रयोगशाळेत एक पांढरी पेटी आली. आत काजू होते. अख्खे, मोठे, हस्तिदंती रंगाचे, एकही डाग नसलेले. ते एका थंड देशातून आले होते. त्या देशात काजूचं एकही झाड नव्हतं.

तिथल्या एका कंपनीने यीस्टच्या जनुकांत काजूची जनुकं बसवली होती. पावाचं पीठ फुगवणारं तेच साधं यीस्ट. पोलादी टाक्यांत ते साखरेवर वाढायचं आणि काजूची चरबी, काजूची प्रथिनं, काजूचा वास तयार करायचं. मग एक यंत्र त्याचे पातळ थर एकावर एक चढवून दाणा घडवायचं. वळणसुद्धा तेच.

हर्षदाने एक दाणा तोंडात टाकला. तो काजू होता. तिने आणखी एक खाल्ला. खोट काढायची तिची मनापासून इच्छा होती, पण ती सापडेना.

त्या देशाची तक्रार नियमाला धरून होती. भारत टांझानियाच्या काजूगरांवर शून्य जकात घेतो आणि आमच्यावर पंचेचाळीस टक्के. हा पंक्तिप्रपंच आहे. माल एकच आहे, हवं तर तुलेवर घाला.

हर्षदाने एका बाजूला सोमोएच्या शेडमधले गर ठेवले आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या पेटीतले. अकरा मिनिटांनी आकडा आला. नऊशे एकसष्ट. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग निकालाप्रमाणे यंत्राने हाताचा अंश वजा केला, आणि आकडा पुन्हा आला. नऊशे त्र्याऐंशी.

तिने नमुने बदलून चार वेळा मोजलं. प्रत्येक वेळी तेच. त्या दोन काजूंत फरक होता तो फक्त सोमोए आणि तिच्या बायकांचा.

वाणिज्य मंत्रालयातले सहसचिव पद्मनाभ देवस्थळी दुसऱ्याच दिवशी पुण्यात आले. पहिल्या खटल्यापासून ते तिच्याबरोबर होते. खुर्चीवर बसायच्या आधीच ते म्हणाले, "हा टाकीतला काजू शून्य जकातीत आत आला, तर देशातला एकही काजू कारखाना दोन वर्षं टिकणार नाही. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की हाताचा अंश मोजायला हवा."

"सहा वर्षांपूर्वी मी नेमकं उलट सांगितलंय."

"माणसाचं मत बदलतं."

"माझं बदलेल हो. पण मी मत सांगितलं नव्हतं. मोजमाप म्हणून सांगितलं होतं."

देवस्थळींनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, मोजमाप कशाचं करायचं हे ठरवतो ते मतच असतं. तेव्हा ते आपल्या सोयीचं होतं, म्हणून कुणी बोललं नाही. मीही नाही बोललो."

त्याच रविवारी सुगंधाचा फोन आला. हर्षदाने तिला सगळं समजावून सांगितलं. सुगंधाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "माका एक सांग गो. त्या टाकीतल्या काजूक कोणाचो हात लागलो?"

"कुणाचाच नाही."

"आणि आमच्या काजूक?"

"तुमचा."

"मगे दोनय एकच कसे?"

"खाणाऱ्याला कळत नाही ताई. रेणूंना कळत नाही."

"तुका कळता मा? मग तू सांग. यंत्राक कित्याक इचारतंस?"

आईच्या हातांसारखे हात कुणी पडद्यावर दाखवून नाकारले, तेव्हा ते हात पुसून टाकणं तिला सोपं वाटलं होतं. त्या हातांची बाजू घेणं तिला तेव्हा सुचलंसुद्धा नव्हतं. हे तिला आत्ता, बोलता बोलता कळलं.

"सांगते," ती म्हणाली. "मी चुकले होते असं सांगते."

* * *

जिनिव्हात दालन तेच होतं. वकीलही तोच होता. या खेपेला तो टाकीतल्या काजूची बाजू मांडत होता. केस पांढरे झाले होते, आवाज तितकाच सौम्य. त्याने पडद्यावर कसलंही चित्र लावलं नाही. त्याने फक्त सहा वर्षांपूर्वीची हर्षदाची साक्ष वाचून दाखवली. "कुणी केला, कसा केला, कुणाच्या हाताने केला, हे मालाला विचारायचं नसतं. मालाला हात नसतात." मग कागद खाली ठेवून तो म्हणाला, "डॉक्टर आरोलकरांनी तेव्हा माझा पराभव केला, आणि तो योग्य होता. आज मी त्यांच्याच बाजूने उभा आहे."

हर्षदा उठली. तिने तयारी करून आणली होती. ती म्हणाली की सहा वर्षांपूर्वीची तिची मांडणी अपुरी होती. हाताचा अंश धुळीसारखा नाही. धूळ वाटेत लागते, हात लागल्याशिवाय दाणा तयारच होत नाही. तेव्हा तो मालाचाच भाग धरायला हवा, असं तिचं आजचं मत आहे.

अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं. त्याही आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "डॉक्टर, तुम्ही असं म्हणत असाल तर लवाद ते गांभीर्याने घेईल. पण मग पहिला निकालही उरणार नाही. हात मालाचा भाग असेल, तर तुमच्या देशाचे काजूगर उत्तरेच्या बाजारात पुन्हा वेगळा माल ठरतील. तिथली शून्य जकात जाईल. एकच माप दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लावता येणार नाही. तुम्ही हे समजून बोलताय ना?"

दालनात कागदांची सळसळ झाली. देवस्थळींनी खाली पाहिलं. हर्षदाने पंधरा मिनिटांचा वेळ मागितला आणि ती बाहेर आली.

सातेरवाडीत तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. फोनमधून शेडचा आवाज येत होता. दाणे पत्र्याच्या परातीत पडत होते. हर्षदाने सुगंधाला दोन वाक्यांत सांगितलं: हात मोजला तर बाहेरची बाजारपेठ जाते. वजा केला तर टाकीतला काजू आणि सोमोएचा काजू एक होतो, आणि दोघांना एकच वागणूक द्यावी लागते.

"आमचो भायर किती माल जाता ठाऊक आसा तुका?" सुगंधाने विचारलं.

"जवळजवळ सगळाच."

"मगे ह्यो दोनशे बायको उद्यापासून खयं जातले?"

हर्षदाने घड्याळाकडे पाहिलं.

"हात वजा कर," सुगंधा म्हणाली. "टाकीतलो काजू येवचो तेव्हा येयत. सरकार कायतरी करात." मग थोडं थांबून म्हणाली, "सोमोएचा काय होतला?"

"माहीत नाही."

"बरा. ठेव फोन. पंधरा मिंटा तुझी संपतली."

हर्षदा आत गेली आणि तिने आपलं आजचं म्हणणं मागे घेतलं. एकविसावा परिच्छेद कायम राहिला. दोन्ही काजू एक ठरले. बाहेर पडताना त्या वकिलाने तिच्यासाठी दार धरून ठेवलं. "कठीण होतं," तो म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

* * *

निकालानंतर सरकारपुढे दोन वाटा होत्या. सोमोएच्या गरांना जे शून्य होतं ते टाकीतल्या काजूलाही द्यायचं, नाहीतर दोघांचंही काढून घ्यायचं. दोन आठवड्यांनी देवस्थळींचा फोन आला.

"काढून घेतोय," ते म्हणाले. "दोघांना पंचेचाळीस टक्के. आपले कारखाने वाचतील."

"आणि टांझानियातल्या बायका? त्यांचा माल आपल्याशिवाय कुणी घेत नाही."

"माहितेय मला."

"हे समान वागणं झालं?"

"मॅडम, नियम सारखं वागा म्हणतो. चांगलं वागा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मी पुन्हा वाचून पाहिलं."

सातेरवाडीत त्या आठवड्यात बायकांनी ग्रामदेवी सातेरीच्या देवळात नारळ ठेवला. देशातला बाजार वाचला होता, बाहेरचाही शाबूत होता. सुगंधाने हर्षदाला फोन करून तसं सांगितलं. सोमोएचं नाव दोघींनी काढलं नाही.

मत्वाऱ्याची शेड चार महिन्यांत बंद पडली. सोमोएने सुगंधाला फोन केला. सुगंधा परातीतले गर निवडत होती. फोन वाजत राहिला, शेजारच्या बाईने तो उचलून तिच्यापुढे धरला, आणि सुगंधा म्हणाली, "हात भरलेत माझे. मगे करीन." संध्याकाळी पुन्हा आला, तेव्हाही तिने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आला, आठवड्याने आला. मग यायचा थांबला. हे हर्षदाला सुगंधाने नाही, शेडमधल्या दुसऱ्या एका बाईने सांगितलं.

पुढच्या वर्षी जानेवारीत टांझानिया सरकारने काजूबियांची निर्यात बंद केली. आमच्या बायका फोडलेला काजू तुम्हाला विकू शकत नसतील, तर न फोडलेलाही तुम्हाला मिळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. मात्र एकट्या भारताला बंदी घालणं नियमात बसलं नसतं. तो पंक्तिप्रपंच झाला असता. म्हणून त्यांनी ती सगळ्या जगाला घातली. पंक्तिप्रपंचाची तक्रार करायला कुणालाही जागा उरली नाही.

मार्चमध्ये कोकणातला काजू आला, जूनमध्ये संपला. जुलैत शेडमध्ये फोडायला एकही बी नव्हती. सुगंधाने घानाला विचारलं, आयव्हरी कोस्टला विचारलं, सगळ्यांच्या बिया दुप्पट भावाने आधीच विकल्या गेल्या होत्या. उत्तरेकडच्या दुकानदारांनी महिनाभर वाट पाहिली. मग त्यांनी त्या जागी टाकीतले काजू मांडले. त्यांना वेष्टनावरचं चित्रही बदलावं लागलं नाही. दोन्ही माल एकच असल्याचं तुलेचं प्रमाणपत्र होतंच.

भारतात त्या काजूवर पंचेचाळीस टक्के जकात होती, तरी दिवाळीपर्यंत मिठाईवाले तोच घ्यायला लागले. दुसरा होता कुठे?

हर्षदाने त्याच सुमाराला प्रयोगशाळेचा राजीनामा दिला. संचालकांनी कारण विचारलं. ती म्हणाली, यंत्र बरोबर चालतंय, आता माझी गरज नाही. त्यांना तो विनय वाटला.

* * *

ती सातेरवाडीला पोचली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. शेडला कुलूप नव्हतं. आत काही उरलं नव्हतं, म्हणून लावलं नसावं. फोडायची यंत्रं गोव्याच्या एका भंगारवाल्याने नेली होती. जमिनीवर त्यांचे चौकोनी डाग राहिले होते. दोनशे दहा बायकांतल्या काही कुडाळला मासळीच्या कारखान्यात लागल्या होत्या, काही मुंबईला मुलांकडे गेल्या होत्या, बऱ्याचशा घरी होत्या.

सुगंधा मागच्या पडवीत बसून उन्हाळ्यातली कोकमाची सोलं पुन्हा वाळत घालत होती. हर्षदाला बघून तिने पाट पुढे सरकवला. चहा झाला. राजीनाम्याबद्दल सुगंधाने काही विचारलं नाही. तिने ऐकलं होतं.

"तुम्ही सगळ्या माझ्यावर चिडल्या असाल," हर्षदा म्हणाली.

"तुझ्यार कित्याक? इचारलंस तेव्हा माझ्याच तोंडान सांगलंय, वजा कर म्हणान." सुगंधाने सोलं पालथी केली. "पंधरा मिंटा होती. सोमोएचा नाव माका शेवटी आठवला. आधी ह्यो बायको आठवले. ता बरोबरच झाला, पण झाला ता झाला."

अंगणात ऊन चढत होतं. मग सुगंधाने हात पदराला पुसले आणि फोन उचलून बहिणीच्या हातात दिला.

"तिका एक लिही," ती म्हणाली. "माझो आवाज तिका ऐकवक नको. तू लिही. फोन तिच्या भाषेत करून पाठयता."

"काय लिहू? माफी?"

"माफी नको. माफी मागून तिची शेड चालू होवची नाय." सुगंधा विचार करत राहिली. "लिही, आमचाय बंद झाला."

हर्षदाने तिच्याकडे पाहिलं.

"असाच लिही. सगळा बंद झाला, यंत्रा इकली, बायको घराक गेले. तिका वाटत आसतला, तिचा घालवन आमी सुखात असव." सुगंधाचा आवाज सरळच होता. "ह्या वाचून तिका वायच बरा वाटात."

हर्षदाने लिहिलं. चार ओळी झाल्या. तिने त्या वाचून दाखवल्या. सुगंधाने नीट ऐकून घेतल्या, एक शब्द बदलायला सांगितला आणि मान हलवली. हर्षदाने निरोप पाठवला.

"गेलो?"

"गेला."

सुगंधाने फोन तिच्या हातातून घेतला, पालथा घालून पायरीवर ठेवला, आणि उरलेली सोलं उन्हात पसरायला ती उठली.